वचनाची रेघ आणि कामाची रेघ

गणेशचतुर्थीची तिथी पंचांगात ठरलेली असते. कोणाच्या सोयीसाठी ती एक दिवससुद्धा पुढे सरकत नाही. इंग्रजी तारखेने पाहिले तर मात्र ती दरवर्षी जागा बदलते. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. २०२५ साली ती अकरा दिवस अलीकडे, २७ ऑगस्टला आली. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे तिची तारीख अठरा दिवस पलीकडे, १४ सप्टेंबरला गेली. मूर्तिकार, मंडपवाले, आरास करणारे, फुलवाले, आचारी आणि घराघरांतील गृहिणी या सर्वांची कामे या एका तिथीला बांधलेली असतात. मूर्ती चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तयार झाली तर ती तयार झाली असे कोणी म्हणत नाही.

शेवटचा दिवस ठरलेला, कामे अनेक, हात मोजके आणि मध्ये पावसाळा, अशा स्थितीत काम वेळेवर कसे न्यावे, हा प्रश्न जुनाच आहे. आपल्याकडे त्याचे उत्तर बहुधा घरातील किंवा कारखान्यातील एखाद्या जाणत्या माणसाच्या डोक्यात असते. ते माणूस आजारी पडले की उत्तरही त्याच्याबरोबर अंथरुणाला खिळते. हे डोक्यातील गणित कागदावर उतरवून सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवण्याची एक साधी रीत विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. अमेरिकेतील एका अभियंत्याच्या नावावरून तिला गँट तक्ता म्हणतात. धरण, पूल, रुग्णालय किंवा संगणकाची कार्यप्रणाली यांपैकी कशाचेही काम निघाले की हा तक्ता आज प्रथम मांडला जातो. सणाच्या निमित्ताने या तक्त्याचा परिचय करून द्यावा, आणि त्यातून कामाबरोबरच माणसांचाही हिशेब कसा उमगतो ते सांगावे, असा आमचा विचार आहे.

गँट आणि त्याचा तक्ता

हेन्री लॉरेन्स गँट यांचा जन्म १८६१ साली अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात झाला. त्यांचे घराणे जमीनदाराचे; पण तेथील यादवी युद्धानंतर ती संपन्नता ओसरली आणि गँट यांना कष्टाने शिकावे लागले. काही काळ शिक्षकी करून ते यंत्र-अभियंता झाले आणि १८८७ साली मिडव्हेल येथील पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर यांच्या हाताखाली रुजू झाले. कारखान्यातील प्रत्येक कामाचे मोजमाप करून ते करण्याची उत्तम पद्धत शोधावी, हा टेलर यांचा आग्रह होता. गँट यांनी तो स्वीकारला, परंतु त्यांची दृष्टी घड्याळावरून कामगाराकडेही वळली.

१९०१ च्या सुमारास बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात त्यांनी वेतनाची एक नवी रीत घालून दिली. नेमून दिलेले काम पूर्ण झाले नाही तरी कामगाराचा रोज बुडत नसे. ते पूर्ण झाले तर त्याला वर बक्षीस मिळे. याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. आपले कामगार जितक्या संख्येने काम पुरे करतील त्या प्रमाणात मुकादमालाही बक्षीस मिळे, आणि सगळेच यशस्वी झाले तर आणखी अधिक. ओरडून काम करवून घेण्यापेक्षा नवख्याला शिकवून तयार करण्यात मुकादमाचे हित आहे, हे या रीतीने दाखवून दिले.

पुढे १९०३ साली गँट यांनी कारखान्यातील दैनंदिन कामाचा ताळेबंद आकृतीच्या रूपाने कसा ठेवावा यावर निबंध वाचला. त्यातून उत्क्रांत होत होत पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या तक्त्याला परिपूर्ण रूप आले. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली तेव्हा दारूगोळा आणि जहाजे यांच्या मागण्या लक्षावधींच्या घरात गेल्या होत्या. किती माल मागविला आणि किती आला याचे आकडे कचेऱ्यांत भरपूर होते. मात्र हे काम वेळेवर आहे की मागे पडले आहे, हे त्या आकड्यांच्या ढिगातून कोणाला कळत नव्हते. नुसती संख्या पुरेशी नाही, तिला काळाची जोड हवी, हे गँट यांनी ओळखले. दारूगोळ्याचे खाते आणि जहाजबांधणीचे महामंडळ यांच्यासाठी त्यांनी आपले तक्ते लावले. १९१९ साली गँट निवर्तले. त्यांचे सहकारी वॉलेस क्लार्क यांनी १९२२ साली या तक्त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यानंतर ही रीत जगभर पसरली.

न्यायासाठी आणखी एक नाव येथे नोंदविले पाहिजे. पोलंडचे अभियंते कारोल आदामिएत्स्की यांनी १८९६ च्या सुमारासच याच जातीचा एक तक्ता सिद्ध केला होता. सरकविता येतील अशा कागदाच्या पट्ट्यांचा तो तक्ता ‘हार्मोनोग्राम’ या नावाने ओळखला जाई. पण त्याचा सविस्तर वृत्तान्त त्यांनी पोलिश भाषेत प्रसिद्ध केला तो १९३१ साली. तोवर गँट यांचे नाव या रीतीला कायमचे चिकटले होते. पोलिश भाषेत मात्र वेळापत्रकाला आजही ‘हार्मोनोग्राम’ असेच म्हणतात.

एकाच ओळीत दोन रेघा

तक्ता मांडणे अतिशय सोपे आहे. आडव्या कागदाच्या माथ्यावर डावीकडून उजवीकडे दिवस किंवा आठवडे लिहावेत. डाव्या कडेला एकाखाली एक कामांची नावे लिहावीत. प्रत्येक कामासमोर, ते ज्या दिवशी सुरू व्हायचे आणि ज्या दिवशी संपायचे, त्या दोन दिवसांमध्ये आडवी पट्टी ओढावी. झाला तक्ता. अक्षरओळख असलेल्या कोणालाही तो एका दृष्टिक्षेपात वाचता येतो.

परंतु एवढ्यावर थांबले तर ते केवळ शोभेचे चित्र होते. गँट यांच्या मूळ तक्त्याचे मर्म त्यापुढच्या पायरीत आहे. त्यांनी ठरविलेल्या मुदतीच्या दोन टोकांना दोन कोन काढले आणि त्यांच्या मध्ये, जितके काम खरोखर झाले असेल तितकीच जाड रेघ ओढली. माथ्यावर ‘आज’ची एक खूण केली. आता या खुणेपर्यंत जाड रेघ पोहोचली असेल तर काम वेळेवर आहे. ती मागे राहिली असेल तर काम मागे आहे. आणि किती दिवस मागे आहे हे मोजण्यास पट्टीचीही गरज नाही. वचन आणि कृती यांना एकाच ओळीत शेजारी बसविणे, हेच या तक्त्याचे खरे सामर्थ्य. दहा जणांच्या बैठकीत एक तास चर्चा करूनही जे बाहेर येत नाही ते या दोन रेघा सांगून टाकतात.

म्हणूनच आरंभी एकदा तक्ता सुबक रंगवून भिंतीवर चिकटविला आणि पुन्हा त्याकडे पाहिले नाही, तर तो तक्ता निरुपयोगी ठरतो. दर आठवड्याला, आणि दिवस थोडे उरले असतील तर रोज संध्याकाळी, झालेल्या कामाची रेघ पुढे न्यावी लागते. ही शिस्त पाळण्यास दहा मिनिटे लागतात, पण ती पाळणारे थोडेच असतात.

मूर्तींच्या कारखान्याचे उदाहरण

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. रायगड जिल्ह्यातील पेण हे गाव गणेशमूर्तींसाठी सर्वत्र विख्यात आहे. तेथे असतात तसा शाडूच्या मूर्तींचा एक छोटा कारखाना कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. सणसुट्टीचे दिवसही तूर्त बाजूला ठेवू.

समजा, २०२६ च्या चतुर्थीसाठी तीनशे मूर्ती करावयाच्या आहेत. चतुर्थी १४ सप्टेंबरला. तत्पूर्वीचा आठवडा मूर्ती नेणाऱ्यांसाठी मोकळा ठेवायचा, म्हणजे शेवटची मूर्ती ६ सप्टेंबरला हातावेगळी झाली पाहिजे. येथून आपण मागे मागे मोजत जाऊ. तिथी ठरलेली असली की तक्ता उजवीकडून डावीकडे मांडावा, हा पहिला नियम.

शेवटचे काम डोळ्यांच्या आखणीचे. ते कसलेल्या हाताचेच काम. कारखान्यात असा कारागीर एकच आहे आणि तो दिवसाला पंधरा मूर्तींचे डोळे आखतो. तीनशे मूर्तींना वीस दिवस हवेत, म्हणून त्याची पट्टी १८ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर. त्याआधी रंगकाम. दोन रंगारी मिळून दिवसाला वीस मूर्ती रंगवितात. पंधरा दिवसांचे काम. आखणीला पहिल्या दिवशी रंगविलेल्या मूर्ती मिळाव्यात म्हणून रंगकामाची पट्टी १७ ऑगस्टला सुरू होऊन ३१ ऑगस्टला संपते. रंगाआधी मूर्ती वाळणे आणि घासून साफ होणे आवश्यक. पावसाळी हवेत त्यासाठी पंधरा दिवस धरले, तर शेवटची मूर्ती साच्यातून १५ ऑगस्टपर्यंत बाहेर आली पाहिजे. साच्याचे काम करणारे चौघे मिळून रोज बारा मूर्ती काढतात. तीनशेला पंचवीस दिवस. म्हणजे मातीचा पहिला गोळा साच्यात पडला पाहिजे तो २२ जुलैला.

चार पट्ट्या ओढल्या आणि आरंभाचा दिवस आपोआप हाती आला. ‘अजून पुष्कळ वेळ आहे’ आणि ‘आता वेळच उरला नाही’ ही दोन्ही वाक्ये अशा कारखान्यात जुलै महिन्यात एकाच दिवशी ऐकू येऊ शकतात. त्यांतील खरे कोणते, हे तक्ता सांगतो.

कोणाच्या चार दिवसांना किती किंमत

आता या तक्त्याकडे थोडे अधिक बारकाईने पाहावे. समजा, ऑगस्टच्या २५ ते २८ या चार दिवसांत एक रंगारी तापाने पडला. त्या दिवसांत वीसऐवजी दहाच मूर्ती रंगतील आणि रंगकाम दोन दिवस लांबून २ सप्टेंबरला संपेल. परंतु रंगकाम आखणीच्या पुढे धावत असल्यामुळे तोवर रंगविलेल्या मूर्तींचा साठा शिल्लक असतो. आखणारा एक दिवसही रिकामा बसत नाही, आणि ६ सप्टेंबर ही तारीख जागची हलत नाही.

आता तेच चार दिवस डोळे आखणारा कारागीर आजारी पडला असे समजा. काम ६ तारखेऐवजी १० तारखेला संपेल. मूर्ती नेण्यासाठी राखलेल्या आठवड्यातील चार दिवस गेले आणि गर्दीसाठी उरले केवळ तीन. आजारपण सारखेच, दिवसही सारखेच. परिणाम मात्र निराळा. कोणत्या कामात सवड आहे आणि कोणत्या कामात ती मुळीच नाही, हे ओळखणे म्हणजे अर्धे नियोजन होय.

यातून दुसरा बोध निघतो. काम मागे पडते आहे असे दिसताच मालकाने घाबरून तिसरा रंगारी आणला तर काय होईल? रंगविलेल्या मूर्तींची रांग वाढेल आणि मजुरी वाढेल. शेवटची मूर्ती मात्र त्याच दिवशी तयार होईल, कारण सर्वांची वाट एकाच हातातील कुंचल्यावरून जाते. माणसे वाढवायची तर ती नेमकी कोठे, हे तक्ता पाहिल्याशिवाय ठरवू नये. येथे गरज आहे ती आखणीला हात लागेल अशा एखाद्या शिष्याची. त्याने दिवसाला पाच मूर्ती जरी आखल्या तरी वीस दिवसांचे काम पंधरा दिवसांत होईल. मात्र तो शिष्य ऑगस्टमध्ये तयार होत नाही. त्याला शिकविण्याची पट्टी आदल्या हिवाळ्यात ओढावी लागते. मुकादमाला शिकविण्याचे बक्षीस देणाऱ्या गँट यांना हे पुरते ठाऊक होते.

माणसांची मोजदाद

आतापर्यंत आपण कामांच्या ओळी मांडल्या. आता त्याच कागदाच्या तळाशी, प्रत्येक दिवसाखाली, त्या दिवशी किती माणसे लागतात तो आकडा लिहावा. २२ जुलै ते १५ ऑगस्ट चार. १६ ऑगस्टला कोणी नाही, मूर्ती केवळ वाळत आहेत. १७ ऑगस्टला दोन. १८ ते ३१ ऑगस्ट तीन. पुढे ६ सप्टेंबरपर्यंत एक. कामाच्या याद्या वेगवेगळ्या पाहिल्या तर चार साचेवाले, दोन रंगारी आणि एक आखणारा अशी सात माणसे लागतील असे वाटते. तळाची ओळ वाचली तर दिसते की साच्याचे काम संपल्यावर रंगकाम सुरू होते. चौघांपैकी दोघांना रंगकाम येत असेल तर सातांऐवजी पाच माणसांत काम भागते, आणि त्या दोघांना साडेतीन आठवड्यांऐवजी सलग जवळजवळ सहा आठवड्यांचा रोजगार मिळतो.

हीच ओळ धोक्याची सूचनाही देते. रंगकाम आठवडाभर अलीकडे आणावे असा मोह झाला, तर १० ते १५ ऑगस्ट हे सहा दिवस ते दोघे साच्यावरही हवेत आणि रंगावरही. कागदावर दोन्ही पट्ट्या गुण्यागोविंदाने नांदतात. प्रत्यक्षात एका माणसाला दोनच हात असतात. मोठमोठ्या प्रकल्पांचे वेळापत्रक याच ठिकाणी कोसळते. कामांचा क्रम बरोबर असतो, मुदतीही बरोबर असतात. परंतु एकच अभियंता, एकच गवंडी किंवा एकच परिचारिका तीन ओळींत एकाच वेळी नेमलेली असते, हे कोणी पाहिलेले नसते. म्हणून जाणते नियोजक दोन तक्ते ठेवतात. एकाच्या डाव्या कडेला कामांची नावे, दुसऱ्याच्या डाव्या कडेला माणसांची. पहिला तक्ता काम वेळेवर आहे का ते सांगतो. दुसरा, ते कोणाच्या जिवावर वेळेवर आहे ते सांगतो.

दोष कोणाचा, कारण कोणते

गँट यांच्या परंपरेत माणसांच्या तक्त्याला मोठे स्थान होते. क्लार्क यांच्या ग्रंथात त्याचे वर्णन आहे. प्रत्येक कामगाराच्या नावापुढे रोजच्या कामाची रेघ असे. ती अपुरी राहिली तर उरलेल्या कोऱ्या जागेत कारणाचे एकेक सांकेतिक अक्षर लिहीत: गैरहजर होता, नवखा होता, सूचना मिळाल्या नाहीत, मालात अडचण होती, हत्यारात दोष होता, यंत्र दुरुस्तीला आले होते. यंत्रांचाही असाच तक्ता असे आणि यंत्र का थांबले हे त्यात लिहिले जाई.

या कारणांची यादी पुन्हा एकदा वाचून पाहावी. त्यांतील किती कारणे कामगाराच्या हातातली आहेत? सूचना देणे, माल पुरविणे, हत्यारे सुस्थितीत ठेवणे, नवख्याला शिकविणे ही सारी वरिष्ठांची कर्तव्ये. कामगाराचा आळस मोजण्यासाठी म्हणून मांडलेला तक्ता अशा रीतीने पुष्कळदा व्यवस्थापकाचीच चूक दाखवी. मागे राहिलेली रेघ पाहून ‘कोणी केले?’ असे विचारण्याआधी ‘कशामुळे झाले?’ असे विचारणे, हा त्या कोऱ्या जागेतील अक्षराचा अर्थ आहे. ज्या ठिकाणी रेघ मागे पडली की केवळ शिक्षाच होते, तेथे लोक खोटी रेघ ओढू लागतात, आणि खोट्या रेघेचा तक्ता हा तक्ता नसण्यापेक्षाही वाईट.

तक्त्याची मर्यादा

प्रत्येक साधनाला मर्यादा असते, तशी यालाही आहे. पट्ट्या एकाखाली एक दिसतात, पण कोणते काम कोणावर अवलंबून आहे ते साध्या तक्त्यात स्पष्ट दिसत नाही. आपल्या कारखान्यात चारच पट्ट्या होत्या म्हणून ते मनाने ताडता आले. चार हजार पट्ट्यांत ते अशक्य. ही उणीव १९५७-५८ च्या सुमारास भरून निघाली. ड्यूपाँ या रसायन कंपनीने आणि अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी, अशा दोन ठिकाणी कामांचे परस्परावलंबन दाखविणारी जाळ्यांची पद्धत स्वतंत्रपणे सिद्ध झाली. ज्या साखळीत मुळीच सवड नसते, जी लांबली की सारेच लांबते, ती साखळी त्या जाळ्यातून शोधता येते. आज संगणकावर या दोन्ही पद्धती एकत्र नांदतात: पट्ट्या गँट यांच्या, आणि त्यांना जोडणारे बाण जाळ्याचे.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. चार माणसांना दहा दिवस, म्हणून आठ माणसांना पाच दिवस, असे त्रैराशिक तक्ता पाहून सहज सुचते. पण ते सर्वत्र चालत नाही. वाळण्याचे काम माणसे दुप्पट केल्याने निम्म्या वेळात होत नाही. शिवाय माणसे वाढली की आपापसांतील बोलणेही वाढते. पाच जणांत परस्परसंपर्काच्या जोड्या दहा असतात. दहा जणांत त्या पंचेचाळीस होतात. संगणक-तज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली आपल्या ग्रंथात स्वानुभवाने दाखवून दिले की, आधीच रखडलेल्या कामात नवी माणसे ओतली तर ते अधिकच रखडते. कारण नव्यांना शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो. चतुर्थीला आठ दिवस उरले असता मदतीला आलेले दहा उत्साही स्वयंसेवक मंडपात काय करतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

कोकणच्या वाटेवरचा बोगदा

गणपतीसाठी मुंबईहून गावी जाणाऱ्या हजारो कुटुंबांच्या परिचयाचे एक मोठे उदाहरण येथे देण्याजोगे आहे. कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० साली झाली आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे साडेसातशे किलोमीटरचा मार्ग पाच वर्षांत पुरा करण्याचा संकल्प सोडण्यात आला. डोंगर, नद्या आणि कोकणचा पाऊस या तिन्हींशी गाठ होती. सारा मार्ग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेत बसण्याऐवजी ठिकठिकाणी एकाच वेळी काम धरण्यात आले, आणि उरलेले दिवस दाखविणारी उलटी घड्याळे लावण्यात आली. गँट यांच्या तक्त्यातील ‘आज’च्या खुणेचे जणू ते मोठे रूप. मार्ग तुकड्यातुकड्यांनी खुला होत गेला. दक्षिणेकडील ठोकूर ते उडुपी हा टप्पा १९९३ सालीच सुरू झाला.

तरीही अखंड मार्गावर गाडी धावली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. विलंबाची कारणे अनेक होती. त्यांत शेवटपर्यंत अडून बसला तो गोव्यातील पेडण्याचा बोगदा. मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळे, पाणी आत शिरे. सहा वर्षांच्या प्रयत्नांनंतर जानेवारी १९९८ मध्ये तो पुरा झाला आणि मग साऱ्या मार्गाला वाट मिळाली. इतर सर्व रेघा पूर्ण झाल्या असताना एका ओळीची रेघ अपुरी राहिली, तर प्रवास तेथेच थांबतो. आपल्या मूर्तिकारखान्यातील आखणी करणारा हात आणि पेडण्याची मऊ माती यांत तक्त्याच्या दृष्टीने भेद नाही. त्या वाटेवर काम करताना अनेक कामगारांनी प्राण गमावले, हेही विसरता येत नाही. तक्त्यातील पट्टी सरळ आणि स्वच्छ असते. तिच्यामागे माती उपसणारी माणसे असतात.

घरातील तक्ता

शेवटी आपल्या घराकडे वळू. सणाच्या तयारीची यादी बहुतेक घरांत होते. साफसफाई, मखर, पूजेचे साहित्य, किराणा, फुले-दूर्वा, मोदकांची उकड, नैवेद्य, पाहुण्यांची सोय, आरती. कामे लिहिली जातात, बहुधा दिवसही लिहिले जातात. यंदा एक गोष्ट अधिक करून पाहावी, असे आम्हास सुचवावेसे वाटते. डाव्या कडेला कामांऐवजी घरातील माणसांची नावे लिहावीत, माथ्यावर चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून मध्याह्नापर्यंतचे तास, आणि ज्याचे काम त्याच्या नावापुढे पट्टी.

अनेक घरांत या कागदावर एकच ओळ पहाटेपासून रात्रीपर्यंत भरलेली दिसेल. त्या ओळीत एकावर एक तीन-तीन पट्ट्या चढलेल्या असतील: उकड काढणे, सोवळ्यातील स्वयंपाक आणि दारी आलेल्याचे स्वागत, सारे एकाच वेळी. ती ओळ घरच्या गृहिणीची किंवा वृद्ध मातेची असेल. इतर ओळींत मधूनमधून एखादी आखूड पट्टी आणि बाकी सारी कोरी जागा. कामांची यादी पाहून हे कधीच ध्यानात येत नाही, कारण कामे तर दरवर्षी वेळेवर पार पडतात. ती कोणाच्या जिवावर पार पडतात, हे नावांचा तक्ताच दाखवितो.

त्या कोऱ्या जागांतून काय करावे, हे सांगण्यास अभियंत्याची आवश्यकता नाही. नारळ खोवणे, दूर्वा निवडणे, पाट मांडणे, भांडी विसळणे, पाहुण्यांना पाणी देणे ही कामे मुलांना आणि पुरुषांनाही जमतात. उकडीच्या मोदकाच्या कळ्या मात्र ऐन वेळी कोणाला जमत नाहीत; त्यासाठी सुनेने, लेकीने आणि मुलानेही चार संकष्ट्या आधीपासून हात बसविला पाहिजे. डोळे आखणाऱ्या कारागिराचा शिष्य जसा हिवाळ्यात तयार होतो, तसाच हा. एका ओळीतील चढलेल्या पट्ट्या चार ओळींत उतरल्या, तर आरतीच्या वेळी जिच्या हातून सारे घडले ती माउलीही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन, सर्वांबरोबर देवापुढे हात जोडून उभी राहू शकेल.